१९७३ चा पालम विमान अपघात वादळामुळे झाला की उतरण्याच्या निर्णयामुळे?

प्रश्न: लष्करकर (ग्वाल्हेर)

३१ मे १९७३ रोजी मद्रासहून दिल्लीला येणारे इंडियन एअरलाइन्सचे ४४० क्रमांकाच्या फेरीचे बोइंग ७३७ विमान पालम विमानतळाजवळ कोसळले आणि त्यातील ६५ जणांपैकी ४८ जण मृत्युमुखी पडले. केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम आणि पंजाबचे माजी मुख्यमंत्री गुरनाम सिंग यांचाही त्यात अंत झाल्यामुळे आमच्या घरातील ज्येष्ठ मंडळींना ही घटना अजून स्पष्ट आठवते. त्यांच्या मते त्यात चर्चा करण्यासारखे काही नाही. दिल्लीवर धुळीचे वादळ आले होते, वैमानिकाला काही दिसले नाही आणि विमान पडले. मे-जूनमधली ग्वाल्हेरची आंधी ज्याने अनुभवली आहे, भर दुपारी दिवे लावावे लागतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे पटण्यास अडचण नाही.

माझा आतेभाऊ मात्र विमानशास्त्राचा अभ्यासक आहे आणि तो सांगतो की चौकशीत दोष वादळावर नव्हे, तर वैमानिकावर ठेवला गेला. यावरून घरात बराच वाद झाला. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की मेलेला माणूस आपली बाजू मांडू शकत नाही म्हणून त्याच्या माथी खापर फोडणे सोयीचे असते.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. वादळ हे कारण असताना चौकशी समित्या निर्णयाकडे का बोट दाखवतात, आणि तसे करणे न्याय्य आहे का? दुसरा प्रश्न थोडा घरगुती आहे. आमच्याकडे जानेवारीत डोक्यावर निळे आकाश दिसत असतानाही धुक्याचे कारण देऊन विमान दिल्लीला किंवा अन्यत्र वळवले जाते, ते कसे?

उत्तर: माजी वेधकार (ग्वाल्हेर)

विमानतळावरील हवामान कार्यालयात नोकरी करून मी निवृत्त झालो असून आता दौलतगंजात राहतो. ज्या गोष्टी निश्चितपणे ठाऊक आहेत तेवढ्याच लिहितो.

४४० क्रमांकाचे विमान धुळीच्या वादळात उपकरणांच्या आधारे खाली येत होते, धावपट्टीच्या अलीकडे ते विजेच्या उच्चदाबाच्या तारांना धडकले, कोसळले आणि पेटले. चौकशीचा निष्कर्ष असा की धावपट्टी प्रत्यक्ष दिसलेली नसताना वैमानिकाने विमान ठरवून दिलेल्या किमान उंचीच्या खाली आणले. आपले आतेभाऊ म्हणतात ते खरे आहे आणि ज्येष्ठ मंडळी म्हणतात तेही खोटे नाही, कारण वादळ नसते तर ती किमान उंची ओलांडण्याचा प्रसंगच आला नसता.

ही किमान उंची म्हणजे काय ते समजले की चौकशीचा रोख समजतो. प्रत्येक धावपट्टीकडे येण्याच्या प्रत्येक पद्धतीसाठी एक उंची ठरलेली असते. आसपासच्या टेकड्या, मनोरे, झाडे आणि तारा यांचा विचार करून तिच्यापर्यंत काहीही न दिसता येण्यास हरकत नाही, असे आधीच हिशोबाने निश्चित केलेले असते. त्या उंचीवर पोहोचल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर पुढे जायचे, नाही तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जायचे. ज्या पद्धतीत खाली येण्याचा उतार दाखवणारा रेडिओ संकेत नसतो, केवळ दिशा कळते, तिथे वैमानिक त्या किमान उंचीपर्यंत उतरून सपाट उडत धावपट्टी शोधतो, आणि नेमका याच टप्प्यावर ‘आणखी थोडे खाली गेलो तर दिसेल’ हा विचार मनात येतो. ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने नेहमीच्या उतारावरून येणारे विमान दर सेकंदाला जवळपास १२ फूट खाली येत असते. तीनशे फुटांची सुरक्षिततेची जागा संपायला पंचवीस सेकंद पुरतात, आणि तेवढ्या वेळात दोघेही वैमानिक काचेतून बाहेर पाहत असतील तर उंचीमापकाकडे पाहणारे कोणी उरत नाही.

धुळीच्या वादळाविषयी एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते, कारण लोक त्याला धुक्याचा भाऊ समजतात आणि तसे ते नाही. धुके वारा पडलेला असताना, थंड रात्रीच्या शेवटी जमिनीलगत साचते. ते केव्हा येईल याचा आदल्या संध्याकाळी बराचसा अंदाज बांधता येतो आणि ते एकदा बसले की काही तास हलत नाही. आंधी ही बहुधा लांबवर उभ्या असलेल्या गडगडाटी ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेची पुढची धार असते. ती जमिनीवर आपटून पसरते आणि वाटेतली सुकी माती उचलते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटरपर्यंत दिसणारे काही मिनिटांत दोन-तीनशे मीटरवर येते, आणि त्याच वेळी वाऱ्याची दिशा व जोर दोन्ही बदलतात. वैमानिकाला दहा मिनिटांपूर्वी दिलेला हवामानाचा आकडा अशा वेळी जुना झालेला असतो. माझ्या मते १९७३ च्या घटनेतील वादळाचा वाटा मोजायचा असेल तर तो इथे मोजावा.

उत्तर: सयाजीगंजकर (वडोदरा)

वर जे दोन्ही वैमानिक बाहेर पाहत असण्याविषयी लिहिले आहे, त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण आमच्या शेजारी घडले. १९ ऑक्टोबर १९८८ च्या पहाटे मुंबईहून अहमदाबादला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ११३ क्रमांकाचे बोइंग ७३७ चिलोडा-कोतरपूर परिसरात, धावपट्टीपासून तीन किलोमीटरच्याही आत कोसळले. विमानात १३५ जण होते, त्यांतील १३३ जण दगावले. त्या सकाळी ना वादळ होते ना पाऊस, केवळ धुरकट हवा होती आणि दृश्यमानता सहा किलोमीटरवरून उतरत उतरत दोन किलोमीटरपर्यंत आली होती. दोन किलोमीटर म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला हवा खराब आहे असे वाटणारसुद्धा नाही.

चौकशीत असे आढळले की ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही. किती उंचीवर आलो हे एकाने दुसऱ्याला मोठ्याने सांगायचे असते, ते सांगितले गेले नाही, आणि लक्ष धावपट्टी शोधण्यात गुंतून राहिले. त्याच दिवशी गुवाहाटीजवळ वायुदूतचे एक फोकर विमानही खराब हवेत कोसळून ३४ जण गेले, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या शेजारी शेजारी होत्या.

दोष केवळ वैमानिकांचा, एवढ्यावर मात्र विषय संपला नाही. मृतांच्या नातेवाइकांनी नुकसानभरपाईसाठी अनेक वर्षे खटला लढवला आणि गुजरात उच्च न्यायालयाने विमान कंपनीबरोबर विमानतळ प्राधिकरणालाही काही अंशी जबाबदार धरले. वैमानिकाला जमिनीवरून काय सांगितले गेले आणि काय सांगायला हवे होते हाही प्रश्न असतो, हे निदान न्यायालयाने तरी मान्य केले. लष्करकर यांच्या घरातील ज्येष्ठांनी हे लक्षात घ्यावे. खापर नेहमी एकाच माथ्यावर फुटते असे नाही, पण दुसऱ्या माथ्यापर्यंत पोहोचायला वीस वर्षे लागू शकतात.

उत्तर: छावणीतला वाचक (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरच्या मंचावर हा विषय निघावा आणि ९ जानेवारी १९९३ चा उल्लेख कोणी करू नये याचे आश्चर्य वाटले. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या संपामुळे उझबेकिस्तानकडून चालकांसह भाड्याने घेतलेले एक तुपोलेव्ह १५४ विमान हैदराबादहून येऊन दिल्लीत दाट धुक्यात उतरताना धावपट्टीच्या कडेला टेकले, मोडले, उलटले आणि पेटले. विमानातील सर्व १६५ जण वाचले, ही गोष्ट आजही अविश्वसनीय वाटते. तरीही त्या वेळचे नागरी विमान वाहतूक मंत्री आणि आपले खासदार माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. एकही जीव गेला नसताना मंत्री पायउतार झाला, आणि तोही धुक्यासाठी! पुढे ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला जाताना मैनपुरीजवळ त्यांचे छोटे विमान खराब हवामानात कोसळले आणि विमानातील आठही जण गेले, हे या गावात कोणाला सांगायला नको.

माझा मुद्दा असा की परदेशी चालक, अनोळखी विमानतळ, संपाचा ताण आणि प्रवाशांची गर्दी या सर्व गोष्टी धुके पडण्याच्या आधी ठरलेल्या होत्या. धुक्याने फक्त परीक्षा घेतली.

उत्तर: राजवाडा परिसर (इंदूर)

छावणीतल्या वाचकांशी मी सहमत आहे, पण ‘निर्णय चुकला’ या निष्कर्षाच्या मागे जाण्याची सवय चौकशी करणाऱ्यांना उशिरा लागली असे माझे मत आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान मुसळधार पावसात, पाठीमागून वारा असताना, डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या जवळपास अर्ध्यावर टेकले आणि टोकावरून खाली घसरले. १९० जणांपैकी २१ जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन्ही वैमानिक होते. अहवालात संभाव्य कारण म्हणून कार्यपद्धती न पाळणे हेच दिले आहे. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगितले होते, हेही त्यात नोंदवले आहे. मात्र त्याच अहवालात पहिल्या प्रयत्नाच्या वेळी पावसात बंद पडलेल्या वायपरची नोंद आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वैमानिकाला कोळिकोडहून विमान न्यायचे होते, कारण तिथे पुरेसे कॅप्टन नेमलेले नव्हते, याचीही चर्चा आहे. १९७३ च्या अहवालाकडून कोणी अशी अपेक्षा केली नसती. आतेभाऊंना विचारावे की किमान उंचीच्या खाली जाणाऱ्या माणसाला खाली ढकलणारे काय होते, हा प्रश्न त्यांच्या अभ्यासक्रमात किती पानांचा आहे.

लष्करकर (ग्वाल्हेर)

सर्वांचे आभार. वडील मंडळींना हे वाचून दाखवले. त्यांच्याकडून एक उलट प्रश्न आला आहे आणि तो मला बिनतोड वाटतो. वैमानिकाने सर्व नियम पाळले, धावपट्टी समोर दिसते आहे आणि तरीही हवेनेच विमान खाली आपटले, असे कधी घडलेच नाही काय?

उत्तर: माजी वेधकार (ग्वाल्हेर)

घडले आहे, आणि तो विमान वाहतुकीच्या इतिहासातला असा भाग आहे की ज्यात दोष द्यायला बराच काळ कोणी सापडतच नव्हते.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ईस्टर्न एअरलाइन्सचे ६६ क्रमांकाचे बोइंग ७२७ विमान वादळी पावसात उतरताना धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांच्या खांबांना धडकले आणि ११३ जण मरण पावले. त्याच्या थोडेच आधी उतरलेल्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने वारा भयंकर बदलत असल्याचे नियंत्रण कक्षाला सांगितले होते आणि ईस्टर्नच्याच आणखी एका विमानाने उतरणे सोडून दिले होते. तरीही विमाने त्याच धावपट्टीवर येत राहिली. पुढे शिकागो विद्यापीठातील हवामानतज्ज्ञ तेत्सुया फुजिता यांच्याकडे हे प्रकरण गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर हिरोशिमा आणि नागासाकी येथील विध्वंसाची पाहणी त्यांनी केली होती आणि स्फोटाच्या मध्याखालून झाडे चहूबाजूंनी बाहेरच्या दिशेला कशी आडवी होतात हे त्यांच्या डोळ्यांपुढे होते. १९७४ मध्ये अमेरिकेतील टोर्नेडोंनंतर (भोवऱ्यासारख्या गरगरणाऱ्या वादळांनंतर) विमानातून पाहणी करताना त्यांना काही ठिकाणी तसाच चांदणीसारखा पसरलेला ठसा दिसला होता, जिथे झाडे गरगरत नव्हे तर मध्यापासून बाहेर पडलेली होती. केनेडीच्या अपघाताची उकल त्यांनी याच धाग्यावरून केली. ढगातून थंड हवेचा एक लोट सरळ खाली येतो आणि जमिनीवर आपटून सर्व दिशांना पसरतो. चार किलोमीटरपेक्षा लहान लोटाला मायक्रोबर्स्ट हे नाव त्यांनीच दिले. सुरुवातीला अनेक सहकाऱ्यांनी त्यांचे म्हणणे मानले नाही.

विमानाच्या दृष्टीने हा सापळा फार कपटी असतो. लोटात शिरताना प्रथम समोरून वारा येतो, त्यामुळे हवेतला वेग आणि उंची दोन्ही वाढल्यासारखी दिसतात आणि वैमानिक शिकवल्याप्रमाणे इंजिनाचा जोर कमी करतो. पुढच्या काही सेकंदांत मधला लोट विमानाला खाली दाबतो, आणि त्यातून बाहेर पडेपर्यंत वारा पाठीमागून येऊ लागतो, म्हणजे पंखांना उचलून धरणारा वेग नेमका हवा तेव्हा नाहीसा होतो. जोर कमी केलेल्या जेट इंजिनाला पुन्हा पूर्ण ताकदीवर येण्यास सहा ते आठ सेकंद लागतात. जमीन दोन-तीनशे फुटांवर असताना हे सेकंद मिळत नाहीत. सगळा प्रकार पाच-दहा मिनिटांत आटोपतो, म्हणून आधीचे विमान सुखरूप उतरते आणि नंतरचे पडते.

९ जुलै १९८२ रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ पॅन अॅमचे ७५९ क्रमांकाचे विमान उड्डाण करताच अशा लोटात सापडून वस्तीवर कोसळले आणि जमिनीवरच्या आठ जणांसह १५३ जण गेले. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसला डेल्टाचे १९१ क्रमांकाचे ट्रायस्टार विमान उतरत असताना पुढ्यातल्या ढगात वीज चमकलेली वैमानिकांना दिसली होती, पण त्यांच्या पुढचे छोटे जेट विमान त्याच ढगाखालून जाऊन उतरले होते. ट्रायस्टार धावपट्टीच्या अलीकडे शेतात टेकले, महामार्ग ओलांडताना एका मोटारीला धडकले आणि पाण्याच्या टाक्यांवर आदळले. १३७ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत ढगाखाली शिरण्याच्या निर्णयावर बोट ठेवले गेले, आणि त्याबरोबर ‘वाऱ्याच्या या बदलाची तत्काळ माहिती देणारे साधन उपलब्ध नव्हते’ हेही स्पष्ट लिहिले गेले. हे दुसरे वाक्य मला पहिल्याहून मोलाचे वाटते. १९८८ मध्ये अमेरिकेने प्रवासी विमानांवर असा वारा ओळखणारी यंत्रणा बसवणे सक्तीचे केले, विमानतळांवर वाऱ्याचा वेग दाखवणारे डॉप्लर रडार आले आणि वैमानिकांना सिम्युलेटरवर ही परिस्थिती वारंवार दाखवली जाऊ लागली. त्या देशात मायक्रोबर्स्टने पडलेले शेवटचे मोठे प्रवासी विमान १९९४ मधले शार्लट येथील आहे. त्यात ३७ जण गेले.

तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल की हवेने कोणाचीही चूक नसताना विमान पाडल्याची उदाहरणे आहेत, पण ती बहुतांशी त्या काळातली आहेत जेव्हा तो धोका मोजता येत नव्हता. मोजता येऊ लागला की मर्यादा ठरते, आणि मर्यादा ठरली की ती कोणी व का ओलांडली हा प्रश्न विचारणे भाग पडते. १९७३ मध्ये पालमला किमान उंचीची मर्यादा ठरलेली होती, वाऱ्याच्या अचानक बदलाची मात्र जगात कुठेच नव्हती. आपल्या शेजारी, २० एप्रिल २०१२ रोजी इस्लामाबादजवळ भोजा एअरचे बोइंग ७३७ गडगडाटी वादळात उतरताना कोसळून १२७ जण गेले, तेव्हा ही सर्व माहिती प्रत्येक पाठ्यपुस्तकात येऊन बरीच वर्षे झाली होती. म्हणून तिथे चौकशी कठोर झाली आणि ते मला योग्य वाटते.

उत्तर: सयाजीगंजकर (वडोदरा)

दुसरा प्रश्न राहून गेला. वेधकारसाहेबांनी धुक्याचे तेवढे सांगावे, कारण डिसेंबर-जानेवारीत आमचे नातेवाईकही दिल्लीच्या विमानतळावर अडकून पडतात आणि फोनवरून विमान कंपनीचा उद्धार करतात.

उत्तर: माजी वेधकार (ग्वाल्हेर)

कंपनीचा उद्धार करण्यास अन्य पुष्कळ कारणे असतील, पण हे कारण खरे असते.

आपल्याकडचे हिवाळी धुके बहुधा शंभर-दीडशे मीटर जाडीचे असते. जमिनीवर उभे राहून सरळ वर पाहिले तर तेवढ्या थरातून निळे आकाश दिसते, आणि वरून जाणाऱ्या विमानातूनही धावपट्टी अंधूक दिसू शकते. उतरणारे विमान मात्र सरळ खाली येत नाही, ते साधारण तीन अंशांच्या तिरक्या रेषेत येते. या कोनातून पाहिले तर शंभर मीटरचा थर जवळपास दोन किलोमीटर लांबीचा होतो. वरून दिसत असलेली धावपट्टी त्या थरात शिरताक्षणी नाहीशी होते. नवख्या वैमानिकाला फसवणारी ही फार जुनी गोष्ट आहे.

यासाठी धावपट्टीच्या कडेला उपकरणे बसवून तिच्यावर प्रत्यक्ष किती मीटरपर्यंत दिसते ते मोजले जाते. विमानाला रेडिओ संकेतांनी धावपट्टीपर्यंत आणणाऱ्या साध्या श्रेणीच्या उपकरण-उतरण प्रणालीवर हे अंतर सुमारे ५५० मीटर हवे आणि २०० फुटांवर धावपट्टीचे दिवे दिसायला हवेत. दिल्लीसारख्या ठिकाणी वरच्या श्रेणीची प्रणाली असल्याने योग्य उपकरणे बसवलेले विमान आणि तसे प्रशिक्षण घेतलेले वैमानिक ५० मीटर दिसत असतानाही उतरू शकतात. या तिन्हींपैकी एक जरी कमी असले तरी ती सवलत मिळत नाही, म्हणून एकाच धुक्यात एक विमान उतरते आणि दुसरे जयपूरला जाते. वरच्या श्रेणीची सोय नसलेल्या लहान विमानतळावर ५५० मीटरचाही प्रश्न असतो.

या आकड्यांच्या जोडीला आणखी एक नियम आहे. मोजलेले अंतर मर्यादेपेक्षा कमी असेल तर वैमानिकाला विमानतळाच्या पातळीपासून हजार फुटांच्या खाली येण्यास मनाईच असते, म्हणजे ‘जरा खाली जाऊन पाहू’ हा पर्याय त्याच्या हाती ठेवलेला नसतो. अहवाल येण्यापूर्वी तो हजार फुटांच्या खाली आलेला असेल तरच त्याला किमान उंचीपर्यंत जाता येते. त्यामुळे ग्वाल्हेरकडे येणारा वैमानिक पुष्कळदा दिल्ली किंवा अन्य ठिकाणी जाण्याइतके इंधन राखून वर घिरट्या घालतो आणि ते इंधन राखीव मर्यादेपर्यंत येताच, खाली किल्ला स्वच्छ दिसत असला तरी, वळतो.